ओ

झुग्दिदीच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
हीटर एकाच बाजूनं तापतो.
त्या बाजूला दारेजानला बसवलं,
तिची आई, ईव्लिता, खिडकीपाशी,
बाप मुर्झाकान उभाच, टोपी मुठीत.
पहाटे चारला डोंगरातून निघाले होते,
मार्शुत्काच्या डिझेलचा वास अजून अंगाला.

वय सतरा. उंची माझ्याहून वीतभर जास्त.
गालावर एक पुटकुळी नाही.
पाळी आलेली नाही.
तिबिलिसीहून आलेला कागद सांगतो :
गर्भाशय नाही.
पोटात खोल दोन ग्रंथी, मुलग्यांना असतात तशा,
इमानेइतबारे रोजचं काम करणाऱ्या.

हे कसं बोलायचं असतं
ते कुठल्याच परीक्षेत विचारलं नव्हतं.
मी चित्र काढलं, खोडलं.
मुर्झाकान म्हणाला,
"डॉक्टर, मी गुरांचा माणूस. गुरांच्या भाषेत सांगा."

मग मीच विचारलं,
संध्याकाळी गाई कशा बोलावता?
तो लाजला. मग कोंडलेल्या त्या खोलीत
अर्ध्या आवाजात एक हाक सोडली,
लांब, शेवटाला मुडपलेली.
"अख्खं खोरं ऐकतं," म्हणाला,
"मान वर करते ती एकच, जिचं ते नाव."

झालं तर. रक्तात हेच.
ग्रंथी हाक सोडते, पत्ता लिहीत नाही.
हाक हाडावरून जाते, यकृतावरून, पापणीच्या मुळावरून,
ज्याच्याकडे त्या नावाचा कान आहे
तोच ओ देतो.
काही हाका उंबऱ्याशीच थांबतात,
निरोप आतली माणसं पुढे नेतात.
ही जात वेगळी, स्निग्ध.
भिंतीत तुपासारखी मुरते, आत उतरते.
हिचा कान माजघरात.
ऐकलं की तो कान स्वतःच उठतो,
जपून ठेवलेल्या वहीचं नेमकं पान उघडतो,
आणि दाढी फुटते, आवाज फुटतो.

"हिच्यात कान बहिरा आहे," मी म्हटलं.
"हाक पहिल्यापासून आहे. आईच्या पोटात होती तेव्हापासून.
ओ आली नाही."

हीटर टकटकला.
"बहिरी गाय होती आमच्याकडे," मुर्झाकान म्हणाला,
"करडी. नावानं येईना.
मी कंदील हलवायचो. मग यायची."

मला हे सुचलं नसतं.
हो, शरीरानंही तेच केलं.
वाया चाललेल्या हाकेचा एक काना बदलला,
आणि दुसऱ्या कानानं ती ऐकली.
या मुलीची छाती, कमरेचा बाक,
सगळं त्या कंदिलानं बोलावलेलं.

ईव्लिता इतका वेळ बर्फाकडे बघत होती.
म्हणाली, "माझी बहीण त्सित्सिनो.
तिलाही कधी आली नाही.
चार वर्षं संसार, मग नवऱ्यानं परत आणून सोडलं.
गावातल्या बायका तिला बारशाला बोलवायच्या नाहीत.
गवत कापायला मात्र बोलवायच्या.
आमच्यातली सगळ्यात उंच तीच."
आणि मग, कुणाला उद्देशून कळलं नाही,
"म्हणजे तिचं काही चुकलं नव्हतं."

मी नव्हतं म्हटलं.
त्सित्सिनो दोन हिवाळ्यांपूर्वी गेली होती.

दारेजाननं एकच प्रश्न विचारला.
"आत्ताही चालू आहे? हाक?"
"आत्ताही."
तिनं स्वेटरवरून पोटावर तळवा ठेवला,
भिंतीपलीकडे कुणी बोलतंय का
बघावं तसा.
पुढच्या तपासण्या, शस्त्रक्रियेचं कधी आणि का,
मूल होणार नाही हे वाक्य,
सगळं मी नंतर सांगितलं. घाईत. नीट नाही.

तीनची गाडी होती.
फॉर्म भरायला मी हीटरच्या थंड बाजूला बसले
तेव्हा खालच्या अंगणातून
बापाचा आवाज आला, तिच्या नावाचा,
तसाच लांब, शेवटाला मुडपलेला.
कोळसा वाहणारा हमाल थांबला,
दोन नर्सनी मागे वळून पाहिलं.

ती जिन्यातच होती अजून.
"ओ," म्हणाली. "आले."